बालवाडीत ‘माझं घर’ हा विषय घ्यायचाय, पण सगळी मुलं एकच त्रिकोणी छपराचं घर काढतात. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कराडजवळच्या गावात बालवाडी, ३ ते ६ वर्षांची २२ मुलं, त्यातली पाच यंदाच्या ऊसतोडीच्या टोळीतली. दिवाळीनंतरचे तीन आठवडे हाताशी आहेत. आणि ‘घर काढा’ म्हटलं की प्रत्येक कागदावर चौकोन, वर लाल त्रिकोण, शेजारी नारळाचं झाड.

ताई, ते घर मुलांनी भिंतीवरच्या तक्त्यावरून उचललंय. त्यांच्या गावात तसं घर क्वचितच असेल. म्हणून पहिला आठवडा ‘घर काढा’ हे शब्दच काढू नका. चार वर्षांच्या मुलाला घर ठाऊक असतं ते आतून आणि जमिनीलगत: कुठं झोपतो, चूल किंवा गॅस कुठल्या कोपऱ्यात आहे, कुठल्या दाराची कडी हाताला येत नाही, आजी कुठं बसून भाजी निवडते. तिथून सुरुवात केली की मुलं भरभरून बोलतात.

पहिले तीन-चार दिवस रोज एकच प्रश्न घ्या. सकाळी जाग येते तेव्हा पहिला आवाज कशाचा येतो? झोपल्यावर वर बघितलं की काय दिसतं? घरात सगळ्यात गार जागा कुठली? पाऊस आला की काय काय आत घ्यावं लागतं? पाच-सहा मुलांचा गट, पंधरा मिनिटं, बाकीची खेळात. २२ मुलांना एकदम गोल बसवलंत तर आठव्या मुलापासून सगळे आधीच्याचंच उत्तर देतात, कारण वाट बघता बघता स्वतःचं विसरलेलं असतं.

‘तुझं घर केवढं आहे?’, ‘घरात काय काय आहे?’ हे प्रश्न मात्र टाळा. पाच मिनिटांत टीव्ही, फ्रिज, गाडी, स्लॅब अशी चढाओढ लागते आणि कोपीतलं, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतलं, मूल गप्प होतं. आवाजाच्या प्रश्नात सगळी सारख्या पायरीवर असतात. कुणाकडं मिक्सर, कुणाकडं म्हैस, कुणाकडं टायरगाडीच्या बैलांची घुंगरं.

‘वर बघितलं की काय दिसतं’ याचं मात्र चित्र जरूर काढून घ्या. कागद जमिनीवर ठेवायचा, मुलानं आधी सतरंजीवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे, मग काढायचं. पत्र्याच्या आडव्या रेघा, वासे, पंखा, पाल, ताडपत्रीतून दिसणारा उजेड, असं काहीबाही येतं, आणि तक्त्यावरचा त्रिकोण तिथं आपोआप मागं पडतो. चित्राखाली मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, सुधारू नका.

त्यानंतर सुतळी आणि चिंचोके. प्रत्येकाला दीड मीटर सुतळी, म्हणजे सगळी मिळून ३३ मीटर. टोकांना गाठी मारून द्या, नाहीतर पीळ सुटतो आणि मुलं घर सोडून धागेच उसवत बसतात. सुतळीचं कुंपण करायचं, ते घर. आत घरातल्या प्रत्येकासाठी एक चिंचोका, रात्री जो जिथं झोपतो तिथं. मूठभर चिंचोके मध्ये ठेवून ज्याला लागतील तेवढे घेऊ द्या. ‘तुझ्या घरात चार माणसं ना?’ असं आपण ठरवायचं नाही. मूल शेळीसाठी चिंचोका ठेवेल, वारलेल्या आजोबांसाठीही ठेवेल. बाप मुंबईला कामाला असेल, फौजेत असेल किंवा विटा-आटपाडीकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांसारखा दूरच्या राज्यात दुकान चालवत असेल, तर त्याचा चिंचोका आत की बाहेर हे मुलानंच ठरवावं. काही मुलं तो नेमका सुतळीवर ठेवतात. असू द्या. खेळ संपला की चिंचोके मोजून डब्यात. पाठोपाठ आलेलं धाकटं भावंड तोंडात घालतं आणि ते घशात अडकू शकतं.

या खेळात घरातली भांडणं, दारू, मारहाणही बाहेर येऊ शकते. सगळ्यांसमोर पुढचा प्रश्न विचारू नका, ‘असं बोलू नये’ असंही म्हणू नका. ‘बरं, ऐकलं मी’ एवढंच म्हणा, नंतर एकट्याशी शांतपणे बोला. मुलाला धोका आहे असं वाटलं तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

शब्दांचं काम जाता जाता होतं. उंबरा, सोपा, माजघर, न्हाणी, परडं, कोनाडा, खुंटी, कडी-कोयंडा यातलं मुलांच्या घरात जे खरंच आहे तेवढंच घ्या. टोळीतल्या मुलांचे शब्द वेगळे असतील, तेही त्याच मानानं. अंगण हा शब्द तर तुमच्या कामातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, त्यातून अंगणवाडी आली. तुम्हीही एखादा दिवस वर्ग सोडून एखाद्या मुलाच्या ओट्यावर किंवा अंगणात भरवा. ज्याच्याकडं जाल त्या आईला दोन दिवस आधी सांगा, आणि चहापाण्याला स्पष्ट नाही म्हणा, नाहीतर ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यावर दडपण येतं.

दुसरा आठवडा बांधण्याचा. इथं भरपूर वेळ द्या.

माती कुठली, हे आधी ठरवा. आपल्याकडं शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिच्या विटा दुसऱ्याच दिवशी तडकतात. जुनी घरं पांढऱ्या मातीत उभी राहिली ती याच कारणानं. पडक्या भिंतीची पांढरी माती मिळाली तर उत्तम, नाहीतर तांबूस मुरमाड माती चाळून घ्या. दिवाळीतल्या किल्ल्याची माती आयती दिसते, पण वापरू नका. तिच्यात फटाक्यांची दारू, रंग आणि काचा असतात.

प्रमाण असं: चार वाट्या माती, एक वाटी वाळू, दोन मुठी बारीक कापलेलं गव्हाचं काड किंवा भुसा, आणि पाणी थोडं थोडं करत साधारण वाटीभर. आदल्या दिवशी भिजवून ओलं पोतं झाकून ठेवा. सकाळी मुलांना पायानं तुडवू द्या. गारा, म्हणजे हा तुडवलेला चिखल, बरोबर झाला का हे बघायला लिंबाएवढा गोळा मुलाच्या कमरेच्या उंचीवरून खाली टाका. पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, दोन-तीन ढेकळं झाली तर ठीक. ही परीक्षा मुलांच्याच हाती द्या, ती दहादा करतात.

साचा सुताराकडून लाकडाच्या तुकड्यांचा करून घ्या: आतून ६ बाय ३ बाय ३ सेंटिमीटर, तळ नसलेला. असे चार पुरतात. काडेपेटीचा साचा तिसऱ्या विटेला भिजून फाटतो. प्रत्येक विटेआधी साच्यात कोरडी वाळू किंवा चाळलेली राख भुरभुरा, नाहीतर वीट निघत नाही. प्रत्येकी सहा विटा धरल्या तर १३२ होतात, त्याला घमेलंभर गारा लागतो. विटा सावलीत तीन-चार दिवस वाळवा आणि रोज कूस बदला. उन्हात ठेवल्या तर वरची बाजू आधी आकसते आणि वीट मधोमध उलते. बेंदराला मातीचे बैल होताना पाहिलेली मुलं यात फार रमतात.

भिंत रचताना सांध्यावर सांधा येऊ नये, हे सांगून कळत नाही. पहिली भिंत पडू द्या. दोन भिंती शेजारी ठेवून हळूच ढकलायला लावा, एक उभ्या सांध्यांची आणि एक सांधे मोडलेली. तेवढ्यात कळतं.

मग छप्पर. पुठ्ठ्यावर प्लास्टिक चढवून एका घराला उतरतं छप्पर करा, दुसऱ्याला काड्यांवर माती थापून सपाट. दोन्ही परातीत ठेवून झारीनं पाणी घाला. झारी नसेल तर बाटलीच्या बुचाला दाभणानं सात-आठ भोकं पाडा. आधी अर्धा पेला, मग दोन पेले. थोड्या पाण्यात सपाट छप्पर टिकतं, जास्त पाण्यात बसतं. इथं सातारा जिल्हा स्वतःच धडा आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटावात ५०० च्या आसपास. म्हणून जावळी-पाटणकडं उतरती कौलं आणि माणदेशात मातीचं सपाट धाबं. गावात माहेर पाटणकडचं असलेली एक आजी आणि दहिवडीकडची एक आजी मिळाली तर दोघींना अर्धा तास बोलवा. धाब्यावर मिरच्या वाळत घालणं आणि पावसाआधी कौलं चाळणं, एवढं पुरेसं आहे.

उतरतं छप्पर भिंतीच्या बाहेर दोन बोटं आलं पाहिजे. ते विसरलं तर पागोळी सरळ भिंतीवर पडते आणि छप्पर शाबूत असूनही घर पायाशी विरघळतं. एक घर मुद्दाम तसं करून दाखवा, वळचण कशाला असते ते डोळ्यांना दिसतं. मात्र ज्या मुलानं जीव लावून घर बांधलंय त्याचं यासाठी घेऊ नका. तुम्ही स्वतः बांधलेलं घ्या. पुरानं किंवा २०२१ च्या जुलैत पाटण खोऱ्यात कोसळल्या तसल्या दरडीनं घर सोडावं लागलेलं कुटुंब तुमच्याकडं असेल, तर ‘घर पडलं’ या गमतीचा खेळ करू नका. त्या मुलाला झारी देऊन बाजूला उभं करा, थांबवायचं कधी हे त्याच्या हाती राहील.

आता कोपी. तुमचा तक्ता ‘कच्चं घर, पक्कं घर’ असा असेल तर तो उतरवून ठेवा. मुलाच्या कानाला ‘कच्चं’ म्हणजे कमी. कोपीची खरी करामत अशी की ती काही तासांत उभी राहते, उतरवून गाडीवर लादता येते, आणि मेंढपाळांच्या मुक्कामासारखी पुढच्या गावाला पुन्हा उभी राहते. हे माणदेशातल्या मेंढपाळाच्या मुलालाही ओळखीचं आहे. वर्गाला वस्तीवर ‘कोपी बघायला’ नेऊ नका, ती लोकांची राहती घरं आहेत. त्याऐवजी वर्गात छोटी बांधा आणि टोळीतल्या मुलांना पुढं करा. बांबूच्या सहा कामट्या, प्रत्येकी ६० सेंटिमीटर, रात्रभर पाण्यात ठेवलेल्या. कोरडी कामटी वाकवताना फाटकन मोडते आणि टोक लागतं. कडा आधी खापरीनं घासून घ्या. मातीच्या पाटीत कमानी रोवा, माथ्यावर आडवी कामटी बांधा, वर पाचट (उसाचा वाळलेला पाला) आणि प्लास्टिकचा तुकडा. पाचटीची कड हात कापते आणि देठाकडं बारीक कुसं असतात, म्हणून ती तुम्ही सोलून, भिजवून, मऊ भागच द्या. गाठ कुठली मारायची हे त्या मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असण्याची शक्यता आहे. त्यांना विचारा.

चिऊ-काऊची गोष्ट तुम्ही सांगालच. शेणाचं घर वाहून गेलं यावर मुलं हसतात, आणि ज्याच्या घरी आजही जमीन शेणानं सारवतात ते मूलही त्या हसण्यात असतं. म्हणून गोष्टीनंतर एक फरशीचा तुकडा माती-शेणानं सारवून वाळवा, शेजारी नुसत्या मातीचा. दोन्हीवर कोरडा हात फिरवायचा आणि धूळ बघायची. शेण कालवायचं काम तुमचं. हाताला खरचटलेल्या मुलानं शिवू नये, आणि नंतर सगळ्यांचे हात साबणानं.

आता सुगरण पक्ष्याची वीण, म्हणजे अंडी-पिल्लांचा हंगाम, संपलेली असते, तेव्हा विहिरीकाठच्या बाभळीखाली गळून पडलेलं घरटं मिळतं. झाडावरचं काढू नका. मिळालेलं दोन दिवस उन्हात ठेवा, त्यात किडे-पिसवा असतात. उसाच्या नाहीतर गवताच्या पानाच्या लांब चिरफळ्या त्यात दिसतील, आत चिखलाचे ठिपकेही सापडतील. विणतो तो नर, मादी येऊन अर्धवट घरटं तपासते आणि पसंत पडलं तरच ते पुरं होतं. मुलं इथं हमखास विचारतात, ‘मग पक्षी आता कुठं झोपतो?’ घरटं पिल्लांपुरतं असतं, एरवी सुगरणी उंच गवतात, लव्हाळ्यात थव्यानं झोपतात. घर म्हणजे कायमची जागाच असावी लागते का, हा प्रश्न कोपी आणि घरट्यामुळं त्यांच्यापुढं आपोआप येतो. उत्तर देऊ नका, दोन-तीन दिवस तो वर्गात हिंडू द्या.

तिसऱ्या आठवड्यात नवं काही नको, मोठं खेळघर. फ्रिजचं एक खोकं दुकानातून मागून आणा. दार तीन बाजूंनी कापा, चौथी घडी हीच बिजागरी. खाली पाच सेंटिमीटर पट्टी सोडा, तोच उंबरा, आणि वर दहा. पट्टी न सोडता कापलं की खोकं दुसऱ्या दिवशी बसतं. कागद चिकटवायला एक वाटी मैदा आणि चार वाट्या पाण्याची खळ शिजवा. तिच्यात मोरचूद घालायची जुनी सवय आहे, ती मुलांच्या खळीत अजिबात नको, विषारी आहे. दोन दिवसांत संपेल एवढीच करा. आत भातुकलीची भांडी, एक गोधडी, बंद पडलेला मोबाईल. एका वेळी चारच मुलं, आणि आत कोणाला घ्यायचं हे आतल्यांनी ठरवायचं. भांडणं होतील. ‘दार वाजवून विचार’ हा एकच नियम पुरतो.

शेवटी राहिलेल्या विटा भिजवून पुन्हा गारा करा, पुढच्या वर्षी चालतो. टोळीतल्या पाच जणांची चित्रं मात्र तिसऱ्या आठवड्याच्या प्रदर्शनासाठी अडकवून ठेवू नका. उसाचा फड तोडून संपला की टोळी एका रात्रीत पुढच्या गावाला जाते, आणि मुकादमालाही तारीख जेमतेम दोन दिवस आधी कळते. चित्र झालं त्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आईकडं द्या, वर्गासाठी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.