जास्वंदीवरचा कापूस, तगरीवरची अळी

प्रश्न (डिचोली): चवथ दोन आठवड्यांवर आली आणि लाल जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस धरलाय. कळ्या न उमलताच गळतात. कुठले औषध मारू?

उत्तर: हा पिठ्या ढेकूण. औषधाआधी खोड पाहा, मुंग्यांची रांग दिसेल. ढेकूण रस शोषून गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो चाटतात आणि ढेकणांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. ही वाट तोडल्याशिवाय कीड हटत नाही. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. आकसलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, खताच्या खड्ड्यात नकोत. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण ढवळून, पावसाची उघडीप बघून, संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने पुन्हा.

पण थांबा. त्या कापसात ढेकणांहून मोठी, पांढऱ्या झिपऱ्यांची आणि चांगली चालणारी अळी दिसली, तर फवारूच नका. ती क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची. ढेकूण हेच तिचे अन्न. १८९८ मध्ये हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. ढेकूण समजून लोक तिलाच चिरडतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न (फोंडा): मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन सुकतात. पाणी कमी पडते का?

उत्तर: पाण्याचा दोष नाही. एक कळी उकलून पाहा. छिद्र आणि आत काळ्या डोक्याची हिरवट अळी असेल, तर ती कळी पोखरणारी अळी. एकीवर भागत नाही, शेजारच्या कळ्याही पोखरते. छिद्र नसून बुडाशी फुगवटा आणि आत बारीक पांढरट अळ्या असतील, तर ती कळीमाशी. कळीमाशीचे कोष मातीत असतात, म्हणून बुंध्याभोवतीची माती हलवून निंबोळी पेंड मिसळा. दोन्हींत जांभळ्या कळ्या रोज खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. खाली पडलेल्याही वेचा.

प्रश्न (मडगाव): तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी आहे, डोक्याजवळ डोळ्यांसारखे निळे ठिपके. चावेल का? मुले अंगणात खेळतात.

उत्तर: चावत नाही, डंखही नाही. तगर, कण्हेर खाणाऱ्या एका देखण्या हिरव्या पतंगाची ही अळी. ठिपके पक्ष्यांना भिवविण्यापुरते. तगर पुन्हा फुटते. अळीला राहू द्या, मुलांना दाखवा.

प्रश्न (पेडणे): लिलीची पाने काळ्या, ठिपकेदार अळ्यांनी फस्त केली. झाड गेले का?

उत्तर: नाही, कांदा शाबूत असेल तर पुन्हा पाने येतील. अळ्या हाताने वेचा, आणि नव्या पानांच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके दिसले की तेवढा तुकडा कापून टाका.