हायब्रिडचं मायलेज सर्व्हिसिंगनंतर का पडलं?

प्रश्न : माझी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी) गाडी पुण्यात २२ चं अ‍ॅव्हरेज देत होती. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं, त्यांनी ५डब्ल्यू-३० ऑइल टाकलं, आता १८ च्या वर जात नाही. ऑइलमुळेच ना?

उत्तर : थोडंफार ऑइलमुळे, पण सगळं नाही हो. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिडना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल सांगितलेलं असतं (तुमचं ५डब्ल्यू-३० त्याहून जाड), कारण सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये इंजिन सारखं बंद होतं, नीट गरमच होत नाही आणि थंड इंजिनात जाड ऑइल जास्त ओढ देतं. तरी चुकीच्या ग्रेडने साधारण १-२ टक्केच फरक पडतो, तुमचा तर २२ वरून १८ म्हणजे साधारण १८ टक्के पडलाय! म्हणजे बाकीचं दुसरीकडे शोधा. आधी टायरमधली हवा बघा, मग ब्रेक कुठे चिकटतोय का ते, आणि मागच्या सीटजवळ बॅटरीच्या फॅनची जाळी असेल तर ती नक्की साफ करून घ्या, ती धुळीने, कुत्र्यामांजराच्या केसांनी चोंदली की बॅटरी तापते, मग सिस्टिम तिचा वापर कमी करते आणि सगळा भार पेट्रोलवर येतो. हे बरेच मेकॅनिक बघतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय का तेही बघा. आणि उन्हाळ्यात एसी जोरात असेल तर अ‍ॅव्हरेज तसंही घसरतंच.

पुढच्या वेळी मॅन्युअलमधलाच ग्रेड टाका, आणि किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला ऑइल बदलाच, छोट्या फेऱ्यांमध्ये त्यात पेट्रोल आणि ओलावा मिसळत राहतो.