ताई, एक विचारू का?

रमजान जवळ आला की या पानाचं टपाल दुप्पट होतं आणि निम्म्या पत्रांची सुरुवात "राग मानू नका पण" अशी असते. राग कसला? शेजारी राहून तीस वर्षं झाली तरी जे विचारलं नाही ते इथे तरी विचारताय. फक्त एक आधीच सांगते, मी आलिमा म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई नाही, फतवा माझ्याकडे मिळणार नाही. माहेर रत्नागिरीकडचं कोकणी मुसलमान आणि सासर घाटावरचं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीय, तेवढ्यावर लिहिते.

आमची दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही, मग तुमची ईद कधी उन्हाळ्यात कधी थंडीत, असं कसं? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, चंद्र दोघांचा एकच आहे, घोळ अधिक महिन्याचा आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण 354 दिवस, म्हणजे दरवर्षी दहा-अकरा दिवस कमी पडतात. तुमच्या पंचांगात तीनएक वर्षांनी अधिक महिना घालून ती तूट भरून काढतात, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते. अरबस्तानातही पूर्वी महिने पुढेमागे सरकवायची चाल होती, पण कुराणात सूरह तौबामध्ये त्याला सरळ मनाई आली. तेव्हापासून वर्ष बारा महिन्यांचंच, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सरकत 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 1986 ला रमजान मे महिन्यात लागला होता आणि 2019 ला परत मे मध्येच. 1997 मध्ये तर एक रमजान 31 डिसेंबरच्या आसपास लागला, थंडीचे दिवस, रोजा कधी सुटला कळायचंही नाही. 2030 मध्ये गंमत होणारे, जानेवारीत एक रमजान लागेल आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा. मला विचाराल तर हे बरंच आहे, नाहीतर काही देशांच्या नशिबी कायमचा सोळा-सतरा तासांचा रोजा आला असता.

अजून एक, आमचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. म्हणून चंद्र दिसला की त्याच रात्री तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज सुरू, आणि पहिला रोजा दुसऱ्या दिवशी पहाटे.

ऑफिसमधली मैत्रीण अठरा रोजे व्यवस्थित करून एकदम डबा खायला लागली. मी चेष्टेत म्हटलं "काय गं, दमलीस?" तर ती गप्पच झाली. माझं काय चुकलं? (पुणे)

चुकलं म्हणजे, बाई, तुम्ही स्वतः बाई असून हे लक्षात यायला हवं होतं! पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, नमाजही नसते. त्यातली नमाज माफच असते, रोजे मात्र नंतर वर्षभरात कधीतरी भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. आमच्या घरात या दिवसांत पोरी पडद्याआड खायच्या, बाप-भावांसमोर पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही, कारण धर्मानेच दिलेली सूट लपवायची कशाला.

सूट अजूनही आहेत. आजारी, प्रवासात असलेला, पोटुशी किंवा बाळाला पाजणारी, यांनी नंतर रोजे भरले तरी चालतात, आणि अगदीच म्हातारं माणूस किंवा कायमचं दुखणं असेल तर एका रोजाबद्दल एका गरिबाला जेवण, तो फिदया. कुराणातल्या रोजाच्या आयतीतच (वचनातच) लिहिलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड नाही. तरीपण आमच्यातले शुगरचे पेशंट ऐकत नाहीत हा भाग वेगळा, डॉक्टरने नको म्हटलं तरी "एवढा एक सत्ताविसावा मोठा रोजा करतो" म्हणतात आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतात.

तर मैत्रिणीला सॉरी म्हणा आणि परत कुणालाच विचारू नका, रोजा आहे का नाही हे ज्याचं त्याच्यापाशी.

मुसलमान पश्चिमेला तोंड करतात म्हणजे मावळत्या सूर्याला नमस्कार का? (कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

नाही रे बाबा. तोंड मक्केच्या काबाकडे असतं आणि मक्का आपल्यापासून पश्चिमेला, मुंबईहून बघितलं तर पश्चिमेच्या जरा उत्तरेकडे. लंडनचा माणूस आग्नेयेला तोंड करतो, केपटाऊनचा उत्तर-ईशान्येला. सूर्याचं म्हणशील तर उलटंच आहे, सूर्य उगवत असताना, बरोबर डोक्यावर असताना आणि मावळत असताना मुद्दाम नमाज टाळतात. मगरिबची, म्हणजे संध्याकाळच्या नमाजची अजान सूर्य पूर्ण बुडाल्यावरच होते. सुरुवातीला तर तोंड जेरुसलेमकडे असायचं, पैगंबर मदिनेला आल्यावर सोळा-सतरा महिन्यांनी ते काबाकडे झालं. आपल्याकडच्या कबरी उत्तर-दक्षिण का असतात कधी बघितलंयस का? मयताला उजव्या कुशीवर, तोंड काबाकडे करून ठेवायचं असतं म्हणून.

अजानमध्ये अकबर बादशहाचं नाव कशाला? (नाव नाही)

अकबर म्हणजे सगळ्यात मोठा, अल्लाहु अकबर, अल्लाह सगळ्यात मोठा. अजान बादशहाच्या नऊशे वर्षं आधीची आहे आणि पहिली अजान देणारे बिलाल हे गुलामीतून सोडवलेले हबशी होते. पुढचा प्रश्न.

जकात म्हणजे अडीच टक्के, पण कशाचे? पगाराचे का? (सीएची तयारी करणारी मुलगी, औरंगाबाद)

पगाराचे नाहीत गं, साठलेल्याचे. जकात म्हणजे गरजूंसाठी काढायचं सक्तीचं दान. कर्ज वगैरे वजा करून जे उरतं ते निसाबच्या वर असेल आणि चंद्राचं एक वर्ष तुझ्याकडे राहिलं तर त्यातले अडीच टक्के, म्हणजे लाखाला अडीच हजार. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, ग्रॅममध्ये 87.48 आणि 612.36. राहतं घर, वापरातली गाडी धरत नाहीत. आईबाप, मुलं, नातवंडं यांना देता येत नाही कारण त्यांना तसंही तू सांभाळायचंच असतं, गरजू बहीण-भाऊ मात्र चालतात आणि खरं तर आधी त्यांनाच बघावं.

अंगावरच्या दागिन्यांवर जकात द्यायची की नाही, यावर माझं माहेर आणि सासर आजही भांडतं. सासरचे हनफी म्हणतात द्यायची, माहेरचे शाफई म्हणतात बाईच्या रोजच्या वापरातलं असेल तर नाही. लग्न झाल्यावर पहिल्या रमजानात सासूबाईंनी तराजू काढला तेव्हा मला कळलं की मी किती तोळ्यांची आहे.

हे शाफई-हनफी म्हणजे शिया-सुन्नीसारखंच का? (ठाणे)

नाही, दोन्ही सुन्नीच. नियम काढायच्या पद्धती वेगळ्या, त्याला मसलक किंवा मजहब म्हणतात. इमाम अबू हनीफा इराकातल्या कूफ्याचे, इमाम शाफईंचा जन्म गाझाचा, आणि एक वारले त्याच वर्षी, 767 मध्ये, दुसरे जन्मले. भारतात बहुतेक सुन्नी हनफी, पण अरबी गलबतं जिथे जिथे लागली तिथे शाफई, म्हणजे कोकण, भटकळ, केरळ, पुढे थेट इंडोनेशियापर्यंत. माहीमचे मखदूम बाबा, ज्यांच्या मेळ्यात पोलिसांची चादर चढते, तेही शाफई आलिमच होते.

फरक बारीक आहेत. शाफई हात नाभीच्या वर बांधतात, हनफी खाली. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची वेळ शाफईंची तासभर आधी, म्हणून मुंबईच्या वेळापत्रकात असरचे दोन रकाने दिसतात. आणि सगळ्यात मोठा फरक कोळंबीचा! आमच्याकडे समुद्रातलं कालवं, माकली, कोळंबी सगळं चालतं. हनफींकडे मासाच चालतो आणि कोळंबी मासा आहे का नाही यावर त्यांच्यातच एकमत नाही. माझे सासरे वाद घालत घालत दोन वाट्या खातात.

रोजा असलेल्यासमोर चहा प्यावा का? आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो तो परत करताना त्यात काय घालावं? (गृहिणी, डोंबिवली)

प्या की, आम्हाला सवय असते, फक्त तीन-तीनदा "तू घेत नाहीस ना" विचारू नका. डब्यात काहीही चालतं, चिवडा, लाडू, नुसती साखर. पण डबा परत करा हो, माझे सहा स्टीलचे डबे गेल्या ईदपासून सोसायटीत फिरतायत.