घोड्याचा पाय मोडला की त्याला मारावंच लागतं का?

नाही, पण वाचवणं फार अवघड. आमच्या फोंड्याकडे वासराचा मोडलेला पाय कामट्या बांधून सावरलेला मी पाहिलाय. त्यामुळे मलाही आधी हा निव्वळ निर्दयपणा वाटायचा. पण रेसचा घोडा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोंचं धूड. तो महिनोन्‌महिने आडवा पडून राहू शकत नाही.

अमेरिकेतल्या बार्बरो या रेसच्या घोड्याचं बघा. 2006 ची केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांनी, 20 मे रोजी, प्रीकनेस शर्यतीत उजवा मागचा पाय मोडला. पेन्सिल्व्हेनियात डॉ. डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि 27 स्क्रू घालून हाड जोडलं. भूल उतरताना धडपडून पाय पुन्हा मोडू नये म्हणून त्याला चक्क पाण्याच्या टाकीत तराफ्यावर जागं केलं!

मोडलेला पाय बऱ्यापैकी भरूनही आला. घात केला तो दुसऱ्या, धड असलेल्या मागच्या पायाने. सगळा भार त्यावर पडून जुलैत लॅमिनायटिस झाला, म्हणजे खुराचं कवच आतल्या हाडापासून सुटायला लागलं. मग पुढच्या पायांतही तेच. उभं राहायला एकही पाय धड उरला नाही, तेव्हा 29 जानेवारी 2007 ला त्याला कायमचं झोपवलं.