पाखराचा पत्ता

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटी मुलांना घेऊन दोन दिवस भिगवणला यायचं ठरवतोय. मागच्या वर्षी याच दिवसांत आलो तेव्हा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जवळजवळ नव्हतेच. नावाडी म्हणाले, "उशिरा येतील." यंदा दिसतील का? त्यांच्याखेरीज काही दुर्मिळ बघायला मिळेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नावाडीदादांनी सांगितलं ते खरं. रोहित थंडी बघून येत नाही, पाणी बघून येतो. पावसाळा सरला की उजनी धरण तुडुंब असतं, काठाला उथळ जागा उरतच नाही. पुढे सोलापूरकडे पाणी सुटायला लागलं की धरणाचा फुगवटा मागे हटतो, गाळ उघडा पडतो आणि चोच उलटी धरून चिखल गाळणाऱ्या या पक्ष्याचं ताट वाढलं जातं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीवर जातं. सुट्टी डिसेंबरचीच असेल तर रोहितांची आस धरून येऊ नका. पट्टकादंबासाठी या.

हा हंस ओळखायला सोपा आहे. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, चोच आणि पाय पिवळे. मंगोलिया, तिबेट, लडाखमधल्या तळ्यांकाठी तो अंडी घालतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू सखल भागातल्या हंसांपेक्षा जास्त घट्ट धरतं, म्हणून त्याला हे जमतं. दौंडच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. दर वर्षी फळ्यावर हिमालय काढायचे, चार वाकड्या रेघा. मग एका जानेवारीत पहाटे कुंभारगावच्या काठावर उभी असताना हरभऱ्याच्या रानातून परतणारे सात पट्टकादंब डोक्यावरून ओरडत गेले. त्या रेघा यांनी पंखांनी ओलांडल्यात, हे तेव्हा पहिल्यांदा आतून कळलं. पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग घेऊन आले.

सूर्य उगवण्याआधी होडीत बसा, कुंभारगावहून किंवा डिकसळहून. रात्री-पहाटे हंस शेतात चरतात आणि ऊन चढलं की काठावर विसावतात. मुलांना एक खूण शिकवून ठेवा : थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या, की होडी तिथेच थांबवायची. अजून पुढे गेलात तर थवा उठेल. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला आपल्या फोटोसाठी पुन्हा उडायला लावायचं नाही. नावाड्याला निघतानाच सांगा, "जवळ नेऊ नका, वेळ द्या." त्यांनाही ते बरं वाटतं. बहुतेक गिऱ्हाइकं उलटंच सांगतात.

चक्रवाक, तलवार आणि थापट्या ही बदकं दिसतीलच. पाण्यात उभ्या वाळक्या बाभळींचे शेंडे मात्र एकेक करून बघा. तिथे कैकर बसतो, मासे धरणारा शिकारी. पाय पुढे करून तो पाण्यात झेपावला, की मुलं रोहित विसरतील.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत रोहितांच्या थव्यात दहा-बारा पक्षी करडे, मळकट दिसले. आजारी होते का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : नाही, ती पोरं होती. रोहित जन्मतः गुलाबी नसतो. शेवाळातून आणि बारीक पाणकिड्यांमधून जे रंगद्रव्य पोटात जातं, त्यानेच पिसं रंगतात आणि पूर्ण रंग चढायला काही वर्षं लागतात. थव्यात करडे पक्षी दिसले तर आनंद माना, वीण झाल्याची ती खूण आहे.

प्रश्न : मला रानपिंगळा हे दुर्मिळ छोटं घुबड आणि माळावरचे भोवत्ये हे शिकारी पक्षी, दोन्हींचे फोटो हवे आहेत. नेमकं लोकेशन मोबाइलवर पाठवाल का? तेवढ्यासाठी खास येईन.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही पाठवणार. पण नुसता नकार देऊन तुमची बोळवण करायची नाही, म्हणून कारण सांगते.

रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये झालं. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत एक मारल्याची नोंद नमुन्याच्या चिठ्ठीवर केली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे भलत्याच मुलखाकडे बघत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले. तो पक्षी जुन्याच संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. मग त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, आपल्या खानदेशात, रानपिंगळा समोर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी! खोट्या पत्त्याने हे पाखरू आपल्यापासून किती काळ दूर राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

खरा पत्ताही घात करतो. हे माझ्या हातून झालंय. भोवत्ये दिवसभर माळावर नाकतोडे टिपतात आणि संध्याकाळी गवतात जमिनीवरच, एकमेकांच्या आसपास मुक्कामाला उतरतात. इंदापूरच्या बाजूला असा एक मुक्काम मला ठाऊक होता. अकरा भोवत्ये मोजले होते. एका ओळखीच्या छायाचित्रकाराला मी विश्वासाने जागा दाखवली. पुढच्या रविवारी तिथे तीन गाड्या होत्या. गवतात चाकांचे पट्टे उमटले होते आणि मागोमाग कुत्रीही आली होती. त्या हिवाळ्यात भोवत्ये पुन्हा तिथे उतरले नाहीत. मी रोज संध्याकाळी जाऊन बघत होते. तेव्हापासून मुक्कामाची जागा कुणालाच सांगत नाही.

तरीही तुम्ही या. कडबनवाडी आणि शिरसुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे. ठरलेल्या वाटेने, गाईडसोबत जा, भोवत्ये उडताना छान दिसतात. नशिबात असेल तर चिंकारा आणि लांडगाही. या माळांना सरकारदरबारी कित्येक वर्षं 'पडीक' म्हटलं गेलं, ते मनातून काढून टाका.

रानपिंगळ्यासाठी मेळघाट गाठा आणि गाईड घ्या. तो दिवसाढवळ्या वावरतो आणि थंडीत सकाळी उंच फांदीवर ऊन खात बसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छाती तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून तो कासावीस होतो, खाणं टाकून शोधत फिरतो.

प्रश्न : आईला पक्ष्यांची फार आवड, पण गुडघ्यांमुळे होडीत चढता-उतरता येत नाही. तिला कुठे नेऊ?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : नांदूर मध्यमेश्वरला न्या. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी. राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा हीच, २०२० मध्ये जाहीर झालेली. चापडगावच्या बाजूने सकाळी सातच्या आत पोहोचा. मनोऱ्यावर चढायची काही गरज नाही. घडीची खुर्ची आणि शाल सोबत घ्या, काठावर ऊन पाठीशी येईल अशी बसवा. समोर जांभळ्या पाणकोंबड्या लाल पायांनी पानवेलींवर चालत असतील, दुर्बिणीशिवायही दिसतील. आईंना काय काय दिसलं ते मला जरूर कळवा.