रेघा कुठे मारल्यास ते पाहिलं

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पुस्तकातच सापडली. तुझ्या आईने वाचनालयात परत आणून दिलेलं ‘एलिनॉर अँड पार्क’ मी नेहमीसारखं उलटं धरून झटकलं, तर आधी कराड-पुणे एसटीचं तिकीट पडलं आणि मागोमाग वहीच्या पानाची चौपदरी घडी. पुस्तकाला तू वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतंस आणि त्यावर स्केचपेनने ‘इंजिनिअरिंग मेकॅनिक्स’ असं लिहिलं होतंस. ते वाचून मला वाईट वाटलं. तू खोटं लिहिलंस म्हणून नाही, तुला ते लिहावं लागलं म्हणून.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. किशोरवयातल्या प्रेमाची ही पुस्तकं मुलींची असतात का? ती वाचण्यात वेळ वाया जातो का? आणि तिसरा प्रश्न तू दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहेस. त्याच्याकडे मी शेवटी येते.

हॉस्टेलवरची मुलं हसतात म्हणतोस. त्यांना हसू दे, पण तुला एक गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या एका मुलीने शाळेत असतानाच पोरांच्या टोळ्यांवर कादंबरी लिहायला घेतली. १९६७ साली ती छापून आली, ‘द आउटसायडर्स’. आज ज्याला आपण ‘यंग अडल्ट’ म्हणतो, म्हणजे साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठीचं लेखन, त्याची सुरुवात बरेच जण या पुस्तकापासून धरतात. पण मुखपृष्ठावर तिचं पूर्ण नाव नव्हतं, नुसती आद्याक्षरं होती: एस. ई. हिंटन. मुलांचं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हटल्यावर लोक ते बाजूला टाकतील, असं प्रकाशकांना वाटलं होतं. तिने नाव झाकलं, तू मुखपृष्ठ झाकलंस. मधे जवळपास साठ वर्षं गेली आणि भीती तीच राहिली. प्रेम दोघांचं असतं, मग त्याबद्दल एकट्या मुलींनीच का वाचावं? निम्म्या माणसांनी अभ्यास करायचा आणि उरलेल्यांनी थेट परीक्षेला बसायचं, असं आपल्याकडे चालत आलंय.

वेळ वाया जातो का, हे तू काय वाचतोस यापेक्षा कसं वाचतोस यावर आहे. मी सव्वीस वर्षं देवघेवीच्या खिडकीवर बसते. प्रेमकथा वाचणारी माणसं मी रोज पाहते. बहुतेक जण एकाच गोष्टीसाठी वाचतात: शेवटी ते दोघं एकत्र येतात का. तेवढंच बघायचं असेल तर शेवटची चार पानं उघडावीत, दोन मिनिटांत कळतं. तू तसा वाचत नाहीस. तू पेन्सिलने रेघा मारल्या आहेस आणि त्या कुठे मारल्यास ते मी पाहिलं.

शाळेच्या बसमधला भाग. १९८६ साल, नेब्रास्का राज्यातलं ओमाहा. नवीन आलेली, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेली मुलगी आणि नाइलाजाने, जरा खेकसूनच तिला शेजारी जागा देणारा मुलगा. कितीतरी दिवस ते एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. तो मांडीवर कॉमिक्स वाचत असतो. एक दिवस त्याच्या लक्षात येतं की ती तिरप्या नजरेने आपल्याबरोबर वाचतेय. तो काय करतो? पान उलटण्याआधी जरा थांबायला लागतो, तिचं वाचून व्हावं म्हणून. तुझी पहिली रेघ बरोबर तिथे आहे. पुढे तो तिला कॉमिक्स घरी न्यायला देतो, मग गाण्यांच्या कॅसेट, आणि पुष्कळ पानांनंतर एकदा तिचा हात हातात घेतो. त्या हात धरण्यावर लेखिका किती वेळ रेंगाळते बघ. सिनेमात हे एका गाण्याच्या कडव्यात उरकलं असतं. ‘एलिनॉर अँड पार्क’ मी दोनदा वाचलं ते या रेंगाळण्यासाठी. (त्यातल्या मुलाच्या कोरियन आईचं चित्रण साचेबद्ध आहे अशी टीका पुष्कळांनी केली आणि ती मला पटते. आवडलेल्या पुस्तकातलं खटकलेलंही बोलून दाखवावं.)

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. ही पुस्तकं वाचताना ‘नाही’ कुठे येतं ते शोध. तिने किंवा त्याने ‘नाही’ म्हटलं, मान फिरवली, हात मागे घेतला, उत्तरच दिलं नाही. आणि मग समोरच्याने काय केलं? पुस्तक बरं की वाईट याची माझी कसोटी तीच आहे. होकार कुणालाही रंगवता येतो.

हे मी कुठून शिकले तेही सांगते. मी एकोणीस वर्षांची असताना एक मुलगा रोज स्टँडवर माझ्यामागे उभा राहायचा. मी नको म्हटलं, दोनदा, स्पष्ट. तो सहा महिने येत राहिला. मी गाडी बदलली तर तोही बदलायचा. त्याने मला कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. मैत्रिणी म्हणायच्या, बघ किती खरं प्रेम आहे. त्या वेळी मी भाड्याने आणून वाचायचे त्या कादंबऱ्यांतला नायकही असाच होता, हटून बसणारा, शेवटी नायिकेला वितळवणारा. त्यामुळे मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय, मी कोरडी आहे. मी शेवटी कॉलेजला जाणंच महिनाभर बंद केलं. ही भीती होती, आणि भीती म्हणण्याइतका शब्दही माझ्या वाचनाने मला दिला नव्हता. म्हणून या नव्या पुस्तकांवर माझा इतका जीव आहे. सगळ्यांवर नाही, पण त्यातल्या चांगल्यांवर नक्की.

‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ हे पुस्तक बघ. २०१७ साली आलं, संध्या मेनन यांचं. डिंपल शाह आणि ऋषी पटेल, दोघंही अमेरिकेत वाढलेली भारतीय घरांतली मुलं. आईवडिलांनी आपसांत स्थळ जुळवलेलं असतं. ऋषीला ते माहीत असतं, डिंपलला पत्ता नसतो. ती सॅन फ्रान्सिस्कोला वेब डेव्हलपमेंटच्या उन्हाळी कोर्ससाठी आलेली असते. तिला ॲप बनवायचं असतं आणि लग्न हा शब्दही ऐकायचा नसतो. हा तिच्यासमोर जाऊन तिला थेट होणारी बायको म्हणून हाक मारतो. ती हातातली थंड कॉफी त्याच्या अंगावर फेकते आणि पळते. पहिल्यांदा वाचताना मीही हसले. पण त्यानंतरचं बघ. आपली घोडचूक झाली हे कळल्यावर ऋषी माफी मागतो आणि तिला नको असेल तर परत जायची तयारी दाखवतो. तिथून ती गोष्ट सुरू होते. त्याने मागे घेतलेल्या त्या पावलामुळेच तिला पुढे यायला जागा मिळते. तुला ही गोष्ट पडद्यावरची माहीत असेल, ‘मिसमॅच्ड’ म्हणून. तरी पुस्तक वाच, कारण पुस्तकात तू एकदा तिच्या डोक्यात असतोस आणि एकदा त्याच्या. एकच प्रसंग दोन बाजूंनी दिसतो. आपल्याला जे साधं वाटलं ते समोरच्याला कुठे लागलं, हे आयुष्यात कुणी वाचायला देत नाही.

यांत सगळं गोड नसतं, आणि ते बरं आहे. मोठ्यांच्या रोमान्स कादंबरीत शेवट सुखाचा हवा असा जवळजवळ नियमच आहे, वाचक त्यासाठीच पैसे मोजतो. किशोरांच्या कादंबरीला तो नियम लागू नाही. ज्युडी ब्लूम यांची ‘फॉरएव्हर’ १९७५ ची. त्यांच्या मुलीने त्यांच्याकडे अशी गोष्ट मागितली होती, जिच्यात दोन चांगली मुलं शरीराने जवळ येतील आणि त्यापायी कुणाला मरावं लागणार नाही. त्या काळच्या पुस्तकांत अशा मुलीला हमखास शिक्षा व्हायची. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक काढायला लावलं गेलं. आणि नाव ‘कायमचं’ असूनही त्यातलं प्रेम कायमचं टिकत नाही. ओसरतं. दोघांपैकी कुणीच वाईट नसतं. तुझ्या वयाला हे ऐकायला कठीण जाईल, तरी ऐकून ठेव.

एक काळजी मात्र घे. हल्ली मुखपृष्ठावर गुलाबी-पिवळी कार्टूनसारखी चित्रं असतात म्हणून पुस्तक तुमच्या वयाचं असेलच असं नाही. मोठ्यांच्या कितीतरी कादंबऱ्यांना तशीच मुखपृष्ठं असतात आणि रीलमध्ये सगळी एकाच ढिगात दाखवतात. त्यांत नायकाचा मत्सर, फोन तपासणं, ‘तू फक्त माझी’ असं दरडावणं हे प्रेम म्हणून मांडलेलं आढळेल. तू आता अठराचा आहेस, तेही वाचशील, मी अडवणार नाही. पण असं पान आलं की क्षणभर थांब आणि तो मुलगा तुझ्या बहिणीच्या कॉलेजच्या दाराशी उभा आहे असं डोळ्यांपुढे आण.

इंग्रजीचं म्हणशील तर तू उगाच घाबरतोस. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला ही पुस्तकं जड जाऊ नयेत. वाक्यं छोटी असतात, बोलण्यातली असतात. बरीचशी ‘मी’च्या तोंडून आणि वर्तमानकाळात सांगितलेली असतात, त्यामुळे पुढे काय होणार हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि तू त्याच्याबरोबर चालत राहतोस. प्रॉम म्हणजे काय, लॉकर म्हणजे काय, हे चौथ्या पुस्तकापर्यंत आपोआप कळतं. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नकोस. फुटपाथवरच्या पायरेटेड प्रती मात्र घेऊ नकोस. लिहिणाऱ्याला त्यातला एक पैसा जात नाही, आणि एकदा आपल्या एका वर्गणीदाराच्या प्रतीत नेमकी शेवटची सोळा पानं नव्हती.

मराठीत असं काही आहे का, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. कपाट छोटं आहे. मुलांसाठी आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं, साहस आहे, विनोद आहे, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. पण पंधरा-सोळाव्या वर्षी कुणीतरी आवडायला लागतं, या गोष्टीपाशी आपण गप्प होतो. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ गप्प झाली नाही. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं, आणि एका मुलीकडे नुसतं बघण्यासाठी रस्ता बदलून जाणारा मुकुंद जोशी. २००४ ची ही कादंबरी किशोरांसाठी असा शिक्का घेऊन आली नव्हती, पण आपल्या वाचनालयातली तिची प्रत तीनदा बाइंडिंगला गेली आहे आणि नेणाऱ्यांत निम्मे तुझ्या वयाचे आहेत. दिवाळीला येशील तेव्हा ती घेऊन जा. बसमधल्या त्या दोघांनंतर ती वाचलीस तर लक्षात येईल, आपल्याकडे बोलण्याआधी कितीतरी जास्त लपवावं लागतं. मुकुंदचं नुसतं बघणं तिच्या बाजूने कसं असेल, हेही त्या वेळी मनात ठेव. मला या विषयावर तुझ्याशी बोलायला आवडेल.

आता तुझा खोडलेला प्रश्न. वर्गातल्या त्या मुलीला हे पुस्तक द्यावं का?

दे. पण आपल्या वाचनालयाचं नको, नवीन प्रत घे. आत चिठ्ठी ठेवू नकोस. रेघा मारू नकोस, नाहीतर पुस्तकाऐवजी ती तुझ्या रेघाच वाचत बसेल. ‘मला आवडलं, तुला वाचावंसं वाटलं तर बघ’ एवढंच म्हण, आणि ते चारचौघांसमोर नको, तसंच तिला एकटीला गाठूनही नको. मधल्या सुट्टीत, जाता जाता, तिला नको म्हणता येईल अशा ठिकाणी. तिने घेतलं नाही तर ‘बरं’ म्हण आणि पुस्तक बॅगेत ठेव. घेतलं, तर ‘वाचलंस का’ म्हणून विचारू नकोस. आठ दिवस नाही, पंधरा दिवस नाही. कदाचित ती कधीच त्याबद्दल बोलणार नाही. तुझ्या पहिल्या रेघेपाशी तो मुलगा जे करतो तेच तुला करायचंय. पान उलटण्याआधी जरा थांबायचं.

तुझ्या रेघा मी अजून खोडलेल्या नाहीत. वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा मारायच्या नसतात हे तुला सातवीपासून माहीत आहे. एरवी मी पुस्तक आलं की लगेच खोडते. या वेळी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्याआधी त्या तू एकदा बघाव्यास आणि तूच खोडाव्यास. पुस्तक माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, शेजारी खोडरबर आहे. कव्हर तुझ्यासमोरच काढू.

डबा वेळेवर खात जा. आईला रविवारी फोन कर, ती वाट बघते.

तुझी,
वाचनालयातली मावशी