पडद्यापलीकडचे कान

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांची आहे. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवते, मुलांना शिकवते. आमच्या भागातल्या सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी दोनदा ऑडिशन दिली आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर पडले. दुसऱ्या वेळी बो (वाजवायचा गज) असा थरथरला की हे मीच वाजवतेय यावर माझा विश्वास बसेना. दहा आठवड्यांनी पुन्हा ऑडिशन आहे. मधल्या काळात एका कार्यक्रमासाठी त्यांनी मला बदली वादक म्हणून बोलावलंय, तेही अगदी शेवटच्या स्टँडवर, म्हणजे सगळ्यात मागे. नवरा म्हणतो, रोज चार तास रियाज करून जिथे कुणाला ऐकूही येणार नाही तिथे जाऊन बसायचं, कशासाठी? खरं सांगा, माझ्यात तेवढं नाहीच का?

उत्तर : बदलीच्या बोलावण्याचं तू जाता जाता लिहिलं आहेस, पण मी तिथूनच सुरुवात करते. हो म्हण. आजच कळव. सेक्शनमधल्या, म्हणजे व्हायोला वाजवणाऱ्यांच्या गटातल्या, कुणी नाव सुचवल्याशिवाय असं बोलावणं सहसा येत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. मी तुला ऐकलेलं नाही, त्यामुळे ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणणं खोटेपणाचं होईल. पण ज्यांनी ऐकलं त्यांना विचारता येतं. काही ऑर्केस्ट्रा मागितल्यावर परीक्षकांचे शेरे कळवतात. दोन्ही वेळचे मागव. दोन्हीकडे एकच गोष्ट आली, तर दहा आठवडे कशावर घालवायचे ते तुला कळेल.

मी 22 वर्षं अशाच एका ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवली आणि पुढे परीक्षक म्हणूनही बसले. ऑडिशनला वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा असतो, त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या म्हणून सांगते, तो पडदा तुझ्या बाजूचा आहे. बॉस्टन सिंफनीने 1952 मध्ये तो लावला आणि पुढे तो बऱ्याच ठिकाणी पसरला. वादक पुरुष की बाई, कुणाचा शिष्य, हे कळू नये म्हणून. चालण्याच्या आवाजावरूनही अंदाज येऊ नये म्हणून काही ठिकाणी गालिचा अंथरतात. पलीकडची माणसं तुला पाडायला टपलेली नसतात. सेक्शनमधली खुर्ची रिकामी आहे, ती भरली नाही तर त्यांचीच अडचण. प्रत्येक नव्या नंबराला आम्ही मनात म्हणायचो, हीच असू दे.

पण आम्ही ऐकायचो काय? इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकले होते. आपल्याला वाटतं, सुंदर आवाज. तो नंतर. पहिल्या फेरीत काही मिनिटांत आधी लय ऐकली जाते, मग सूर, मग आवाजाच्या लहान-मोठ्याचा फरक. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात घे. व्हायोला आणि चेलो मिळून ती धून वाजवतात, खाली डबल बास बोटांनी तारा छेडत असतात. स्वर अवघड नाहीत. पण ठिपक्याच्या स्वरानंतरचा तो इवलासा स्वर जरा लांबला की चाल ढिली पडते, तीनात विभागल्यासारखी लागते, आणि पलीकडे लगेच पेन्सिली चालतात. एकटीने धून म्हणून वाजवलीस तर तो लांबणारच. खालचा बास डोक्यात चालू असेल तर लांबत नाही. म्हणून पार्टच्या (फक्त तुझ्या ओळीच्या कागदाच्या) शेजारी सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेला पूर्ण स्कोअर ठेव, तुझ्या ओळीखाली कोण काय वाजवतंय ते गुणगुणून पाठ कर, आणि मगच बो हातात घे. पडद्याआड तू एकटी असतेस. बाकीचा ऑर्केस्ट्रा तुझ्या वाजवण्यातून ऐकू आला पाहिजे. ऑडिशनला मागतात त्या प्रत्येक उताऱ्याचं असंच. मेंडेल्सनच्या स्कर्झोत (चपळ चालीच्या तुकड्यात) हलक्या आवाजात उडता बो सांभाळायचा, स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’मध्ये पहिल्या मापापासून झेप घ्यायची. तिथेही वेगापेक्षा सोळांश, म्हणजे ते झटपट छोटे स्वर, एकसारखे येणं महत्त्वाचं.

थरथर जाणार नाही. ती असताना वाजवायची सवय करावी लागते. जिने धावत चढ, छाती धडधडत असताना दारात उभी राहून पहिला उतारा एकदाच वाजव आणि रेकॉर्ड कर. चुकलं तरी पुन्हा नाही. आठवड्यातून एकदा कुणासमोर तरी वाजव, शेजारीण चालेल, तुझे विद्यार्थी तर उत्तमच. तिथे गेल्यावर घाई करू नकोस. दोन मापं मनात मोज, श्वास सोड, बो तारेवर टेकव, मग सुरू कर. हवेतून आणलेला बो जास्त थरथरतो. काही वादक धडधड कमी करणारी बीटा-ब्लॉकर गोळी घेतात. ते औषध आहे, दमा असणाऱ्याला घातक ठरू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाची गोळी घेऊ नकोस.

आणि शेवटचा स्टँड. तुझ्या यजमानांना हे वाचून दाखव. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पुढचे वादक पंधरा मीटरवर असतील तर त्यांचा स्वर तुझ्यापर्यंत सेकंदाच्या साधारण तेविसाव्या भागाएवढा उशिरा पोचतो. ऐकून वाजवलंस तर तू कायम मागे पडणार, आणि मागचे मागे पडले की सगळा सेक्शन चिखलात रुततो. म्हणून तिथे कानापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवावी लागते, प्रिन्सिपलच्या (सेक्शनच्या प्रमुख वादकाच्या) बोवर आणि कंडक्टरच्या हातावर. मला ते जमायला दोन सीझन लागले. बाकी पेन्सिल ने, म्यूट (आवाज दबवायची चिमटी) ने, स्टँडवरच्या दोघांपैकी आतल्या बाजूला असलीस तर पान तू उलटायचं, बोइंग (बो वर की खाली, त्याच्या खुणा) पार्टवर असेल तसंच, आणि तालमीआधी स्टेजवर कॉन्चेर्टो (एकल वादकाची मोठी रचना) घासत बसू नकोस.

त्यांच्या ‘कशासाठी?’मागे पैशाचा प्रश्न असेल, तर तो मात्र रास्त आहे. अशा ऑर्केस्ट्रात बहुतेकदा तालमीमागे आणि कार्यक्रमामागे मानधन मिळतं, त्यावर घर चालत नाही. माझे जवळजवळ सगळे सोबती शिकवण्या करायचे. वर्षाकाठी किती संध्याकाळी जातील, प्रवासात किती जाईल, हे दोघं बसून कागदावर मांडा. मग परवानगी काढून त्यांना एका तालमीला ने आणि व्हायोला सेक्शनच्या जवळ बसव.

कार्यक्रमात कुठली सिंफनी आहे ते तू लिहिलं नाहीस. कळव. व्हायोलाच्या पार्टमधल्या अवघड जागा मला आठवत असतील तर तालमीआधी लिहून पाठवते.